केस आज गळतात, कारण तीन महिन्यांपूर्वीचं असतं : तात्पुरत्या केसगळतीची ओळख



दिवाळीची सुट्टी संपून दुसरं सत्र सुरू झालं की पालकांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते. "सर, मुलीचे केस खूप गळतायत हो. कंगव्यात गुच्छच्या गुच्छ येतो." मग कुणी पाण्याला दोष देतं, कुणी नव्या शाम्पूला, कुणी थंडीला. मैत्रिणी तेल सुचवतात, मेडिकलवाला गोळ्या देतो. महिन्याभरात हजार-दोन हजार रुपये जातात. पुढे दोन-तीन महिन्यांनी गळती आपोआप थांबते आणि शेवटी जे तेल चालू असतं, त्याला श्रेय मिळून जातं.

खरं कारण मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येऊन गेलेलं असतं. त्या मुलीला डेंग्यू झालेला असतो, किंवा टायफॉइड. ताप उतरला, मुलगी शाळेत येऊ लागली, सगळे विसरले. केस मात्र विसरले नाहीत.

आजच्या लेखात तात्पुरत्या केसगळतीची नेहमीची कारणं पाहू. तात्पुरती म्हणजे ज्यात केसाचं मूळ जिवंत राहतं आणि कारण दूर झालं की केस परत येतात अशी. वयानुसार आणि आनुवंशिकतेने पडणारं टक्कल हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही. घरी आणि वर्गात दोन्हीकडे उपयोगी पडेल अशी माहिती द्यायचा प्रयत्न केला आहे.

आधी थोडं गणित

माणसाच्या डोक्यावर साधारण 1,00,000 केस असतात. प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने चालतो. त्याच्या आयुष्याच्या तीन अवस्था आहेत.

1. वाढीची अवस्था. ही 2 ते 6 वर्षं चालते. या काळात केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो.
2. बदलाची अवस्था. ही 2-3 आठवड्यांची असते. केसाची वाढ थांबते आणि तो मुळाच्या पोषणापासून सुटा होतो.
3. विश्रांतीची अवस्था. ही सुमारे 3 महिन्यांची असते. केस डोक्यावर दिसतो, पण वाढत नाही. शेवटी खालून नवा केस उगवू लागतो आणि जुना गळून पडतो.

कोणत्याही दिवशी पाहिलं तर डोक्यावरचे बहुतेक केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि साधारण दहा टक्के विश्रांतीत. आता गणित करा. 1,00,000 चे दहा टक्के म्हणजे 10,000 केस. ते साधारण 100 दिवसांत गळायचे आहेत. म्हणजे रोज किती? 100 केस. रोज 50 ते 100 केस गळणं नैसर्गिक आहे असं डॉक्टर सांगतात, ते का, हे या साध्या भागाकारातून कळतं. सहावी-सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या, मुलं लगेच आपला कंगवा आठवतात.

यात एक व्यवहारातली गोष्टही लक्षात ठेवायला हवी. जी मुलगी रविवारीच डोकं धुते आणि आठवडाभर वेणी घट्ट बांधून ठेवते, तिचे चार-पाच दिवसांचे गळालेले केस वेणीतच अडकून राहतात आणि रविवारी एकदम मोरीत दिसतात. आई घाबरते. पण ते एका दिवसाचे नसून आठवड्याचे केस असतात.

"मुळासकट केस गेला" हा गैरसमज

गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरा, टाचणीच्या डोक्याएवढा किंवा त्याहून लहान गाठीसारखा भाग दिसतो. तो पाहून "केस मुळापासून उपटून आला, आता तिथे परत येणार नाही" असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते मूळ नव्हे. विश्रांती पूर्ण करून गळालेल्या केसाचं ते सुकलेलं टोक असतं. केस तयार करणारा खरा भाग त्वचेच्या आत, जागच्या जागी सुरक्षित असतो.

उलट टोकाला काहीच नसेल आणि केस मध्येच तुटल्यासारखा असेल, तर तो गळलेला नाही, तुटलेला आहे. क्षाराचं पाणी, वारंवार सरळ करण्याचं यंत्र, ओले केस जोरात विंचरणं यांनी केस तुटतात. तुटणं आणि गळणं यांत फरक केला की निम्मा गोंधळ संपतो.

तीन महिन्यांचं कोडं

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शरीरावर मोठा ताण आला की शरीर आपली शक्ती हृदय, मेंदू, फुप्फुस अशा अत्यावश्यक अवयवांसाठी राखून ठेवतं. केसांचा नंबर यादीत शेवटी लागतो. त्यामुळे वाढीच्या अवस्थेतले बरेच केस मुदतीआधीच एकदम विश्रांतीत जातात. दहा टक्क्यांच्या जागी समजा तीस टक्के केस विश्रांतीत गेले. पण विश्रांतीतला केस लगेच पडत नाही, तो साधारण तीन महिने डोक्यावरच असतो. म्हणून आजाराच्या दिवसांत काहीच जाणवत नाही. तीन महिने झाले की हे सगळे केस जवळजवळ एकाच वेळी गळू लागतात. रोज 100 ऐवजी 300.

डॉक्टर या प्रकाराला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. टेलोजन म्हणजे विश्रांतीची अवस्था आणि एफ्लुव्हियम म्हणजे गळती. हे नाव त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये दिलं. तात्पुरत्या केसगळतीचा हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे.

उदाहरणाने पाहू. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात डेंग्यू झाला. गळती दिसू लागली नोव्हेंबरच्या मध्यावर. ती वाढली डिसेंबरमध्ये. फेब्रुवारी-मार्चपर्यंत कमी झाली. नवे केस तोपर्यंत दोन-तीन सेंटिमीटर वाढलेले असतात आणि कपाळाजवळ बारीक, उभे राहणारे केस दिसतात. अनेक आया त्यांना "तुटके केस" समजून तेल लावून चोपून बसवतात. खरं तर केस परत येत असल्याची ती खूण आहे.

त्यामुळे केसगळतीची तक्रार आली की पहिला प्रश्न "कोणतं तेल लावता?" हा नको. कॅलेंडरची पानं दोन ते चार महिने मागे उलटा आणि विचारा, "त्या वेळी काय घडलं होतं?"

कॅलेंडरमध्ये काय शोधायचं?

1. मोठा ताप. डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया, चिकुनगुनिया, न्यूमोनिया. कोविडनंतरही असंख्य लोकांनी हा अनुभव घेतला. पावसाळ्यात तापाची साथ आणि हिवाळ्यात केसगळती असा हा हिशेब असतो, म्हणून थंडीवर उगीच आळ येतो.

2. बाळंतपण. गरोदरपणात शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ टिकतात, म्हणून केस दाट वाटतात. बाळंतपणानंतर हे संप्रेरक झपाट्याने कमी होतं आणि थांबलेले केस एकदम विश्रांतीत जातात. "बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात" असं जुन्या बायका म्हणतात. बाळ माणसं ओळखून हसू लागतं ते दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर आणि गळतीही त्याच सुमारास सुरू होते. निरीक्षण अगदी बरोबर आहे, कारण तेवढं वेगळं. बाळाचा पहिला वाढदिवस येईपर्यंत बहुतेक आयांचे केस पूर्ववत होतात. बाळाचं जावळही पहिल्या काही महिन्यांत गळतं आणि पाळण्यात टेकणारा डोक्याचा मागचा भाग विरळ दिसतो, तेही नैसर्गिकच आहे.

3. शस्त्रक्रिया किंवा मोठा अपघात. शरीराला बसलेला धक्का केसांवर नंतर दिसतो.

4. अचानक कमी केलेलं खाणं. लग्न ठरलं म्हणून महिन्यात आठ-दहा किलो वजन उतरवणाऱ्या ताई, "जाड झाले" म्हणून रात्रीचं जेवण बंद केलेली नववीतली मुलगी, सतत कडक उपास करणारी आजी. केस मुख्यतः केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. पोटात प्रथिनं आणि उष्मांकच कमी गेले, तर शरीर केसांची वाढ थांबवतं.

5. लोहाची कमतरता. आपल्याकडे हे फार मोठं कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 19 वयोगटातील 59.1 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दहावी-बारावीच्या वर्गात बसलेल्या दहा मुलींमागे जवळजवळ सहा जणी. पाळीत जास्त रक्तस्राव, पोटातले जंत आणि जेवणात लोह कमी, अशी तिहेरी गळती असते. अशा मुलीला दम लागतो, ती लवकर थकते, तास चालू असताना पेंगते. आपण तिला आळशी म्हणतो. केस गळणं ही कधी कधी तिच्या रक्तक्षयाची पहिली उघड तक्रार असते.

6. थायरॉइडचा बिघाड. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी किंवा जास्त काम करू लागली की केस विरळ होतात. सोबत वजनात बदल, थकवा, थंडी किंवा उष्णता सहन न होणं, पाळी अनियमित होणं अशी लक्षणं असू शकतात. साध्या रक्ततपासणीत हे कळतं आणि औषधाने सुधारतं.

7. औषधं. काही रक्त पातळ करणारी औषधं, फिट्सवरील काही औषधं, मुरमांवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, यांनी केस गळू शकतात. मात्र असं वाटलं तरी औषध परस्पर बंद करायचं नाही. विशेषतः फिट्सचं औषध अचानक थांबवणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना सांगा, ते पर्याय पाहतील.

8. मनावरचा मोठा आघात. घरात मृत्यू, आईवडिलांचं विभक्त होणं, गाव आणि शाळा बदलणं, परीक्षेचं दीर्घ दडपण. लहान मुलांनाही हे लागू आहे.

यादी वाचून एक गोष्ट ध्यानात आली असेल. यातल्या पहिल्या तीन कारणांत बहुधा काही करावं लागत नाही. धक्का येऊन गेलेला असतो. चांगलं खाणं आणि धीर, एवढंच औषध. लोह, थायरॉइड, खाणं यांत मात्र कारण अजून चालूच असतं. ते दुरुस्त होईपर्यंत गळती थांबत नाही, वर कितीही तेल चोळलं तरी. म्हणून "आपोआप थांबेल" आणि "तपासणी हवी" या दोन्हींतलं काय लागू आहे ते कॅलेंडर पाहून ठरवायचं.

काही दिवसांतच केस गेले तर?

तीन महिन्यांचा नियम समजला की त्याला न बसणारी गळतीही ओळखता येते. कर्करोगाच्या केमोथेरपीत केस एक ते तीन आठवड्यांतच जाऊ लागतात. तिथे केस विश्रांतीत जायची वाट पाहत नाहीत. औषध वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं आणि वाढता केस जागीच कमजोर होऊन तुटतो. उपचार संपल्यावर साधारण एक ते तीन महिन्यांत केस परत येऊ लागतात. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आईचे केस गेले असतील तर त्याला हे सांगता येणं, हासुद्धा शिक्षकाचा मोठा आधार असतो.

काही विषारी घटकही असंच करतात. 2024 चं वर्ष संपता संपता आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत अनेकांचे केस काही दिवसांत भराभर गळाले. लहान मुलं, बायका, पुरुष, सगळ्यांत हे दिसलं. सुरुवातीला शाम्पू, बोअरचं पाणी, बुरशी असे तर्क झाले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पथकानेही गावांत येऊन नमुने घेतले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम या घटकाचं प्रमाण फार जास्त असल्याचा निष्कर्ष मांडला. पुढे यातल्या काही लोकांच्या नखांच्याही तक्रारी आल्या. केस आणि नखं दोन्हींवर परिणाम होणं हे जास्त सेलेनियमचं पुस्तकात नोंदलेलं लक्षण आहे.

सेलेनियम शरीराला अगदी थोडं लागतं, पण जास्त झालं की तेच केस घालवतं. जीवनसत्त्व 'अ' चंही तसंच. म्हणून "केसांसाठी चांगल्या" म्हणून मिळणाऱ्या गोळ्या तपासणी न करता महिनोन्‌महिने खाऊ नयेत. आणि शाळेसाठी यातला धडा असा, की एका गावात, एका वस्तीत किंवा एका वसतिगृहात अनेकांचे केस एकाच वेळी गळू लागले, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवायचं.

केस गोल चकतीत गेले तर?

आतापर्यंत आपण सगळ्या डोक्यावरून केस विरळ होण्याबद्दल बोललो. मुलांमध्ये मात्र बऱ्याचदा एकाच जागी केस जातात. त्याची चार नेहमीची कारणं आहेत आणि चारही शिक्षकाच्या नजरेला दिसू शकतात.

चाई. गोल, रुपयाच्या नाण्याएवढी, गुळगुळीत जागा. खाज नाही, खपली नाही, लाली नाही. "किड्याने केस खाल्ले" असं गावाकडे म्हणतात. किडा वगैरे काही नसतो. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. चाई संसर्गजन्य नाही, म्हणजे शेजारी बसल्याने, कंगवा वापरल्याने ती होत नाही. एक-दोनच चकत्या असतील तर बऱ्याच जणांचे केस वर्षभरात परत येतात, कधी सुरुवातीला पांढरे येतात आणि मग काळे होतात. चाई पुन्हा होऊ शकते, हेही पालकांना माहीत असावं. त्यावर लसूण चोळणं, बिब्बा लावणं असले प्रकार करू नका. त्वचा भाजते, व्रण राहतो आणि परत येणारा केसही येत नाही.

डोक्यातला नायटा. ही बुरशी आहे आणि ही मात्र पसरते. शाळकरी वयातच ती जास्त आढळते. खवले निघतात, खाज येते, केस त्वचेजवळ तुटून काळे ठिपके दिसतात, मानेमागे गाठी सुजू शकतात. कंगवा, टोपी, स्कार्फ, उशी, न्हाव्याचं न धुतलेलं मशीन, घरातली मांजर किंवा कुत्र्याचं पिल्लू, यांतून ती येते. बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, त्यामुळे नुसत्या मलमाने ती जात नाही. डॉक्टरांनी दिलेली पोटात घ्यायची गोळी काही आठवडे पूर्ण घ्यावी लागते. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं तर खाज तात्पुरती थांबते आणि रोग आत वाढत राहतो. दुर्लक्ष झालं, जागा सुजून पू झाला, तर तिथे कायमचा व्रण राहून तात्पुरती गळती कायमची होऊ शकते. चौघांत घाई करायची ती इथे.

ओढून बांधलेले केस. कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर केस मागे सरकलेले दिसतात. शाळेच्या नियमाप्रमाणे रोज घट्ट दोन वेण्या, त्यावर रिबीन, रोज तोच भांग. ताण वेळीच सैल केला तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ राहिली तर मूळच मरतं. शाळेला हवी असते ती नीटनेटकी मुलगी, तिच्यासाठी सैल वेणी पुरते. नियम लिहिताना "केस व्यवस्थित बांधलेले असावेत" एवढंच लिहिता येईल. भांगाची जागा अधूनमधून बदलायला आणि रात्री केस मोकळे सोडायला मुलींना सांगा.

स्वतः केस उपटणं. चकती वेड्यावाकड्या आकाराची असते आणि तिथे कमी-जास्त लांबीचे खुंट दिसतात. बहुतेकदा लिहित्या हाताच्या बाजूला. मूल अभ्यास करताना, टीव्ही पाहताना, झोपताना केस पिळतं आणि उपटतं, अनेकदा त्याच्या ध्यानातही येत नाही. हा हट्ट किंवा खोडी नव्हे. रागावलं, हातावर मारलं तर सवय वाढते, लपून होते. मुलाला काय खातंय ते शांतपणे ऐकणं आणि समुपदेशकाची मदत घेणं हा मार्ग आहे. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेली मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

घरात काय करायचं?

- जेवणात रोज एकदा तरी डाळ-उसळ, शेंगदाणे, दूध-दही, अंडं किंवा मासे यांपैकी काही असू द्या.
- लोहासाठी पालेभाज्या, बाजरी, तीळ, हळीव. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको, त्याने लोह अडतं.
- शाळेत मिळणारी लोहाची गोळी मुलं खिशात टाकतात किंवा खिडकीतून फेकतात, हे आपल्याला माहीत आहे. पाचवीपुढच्या मुलांना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. जेवणानंतर, आपल्यासमोर घ्यायला लावा. शौचाला काळी झाली तरी घाबरायचं नाही, हे आधीच सांगा. जंतनाशक गोळीही चुकवू नका.
- डोकं धुणं बंद करू नका. धुतल्याने केस गळत नाहीत, गळून अडकलेले केस फक्त दिसतात.
- महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात भांगाचा फोटो काढा. रोज कंगव्यातले केस मोजत बसण्यापेक्षा हे बरं. मोजण्याने फक्त काळजी वाढते.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

चकती पडली असेल, खाज, पू, वेदना किंवा खपली असेल, गळती सहा महिन्यांहून जास्त चालली असेल, सोबत थकवा, दम लागणं, वजनात बदल किंवा पाळीची तक्रार असेल, भुवया-पापण्याही जात असतील, किंवा कॅलेंडरमध्ये काहीच कारण सापडत नसेल, तर जायला हवं. डॉक्टर साधारणपणे हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन आणि थायरॉइड तपासतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा अशा मुलांची नावं आधीच काढून ठेवा.

पालक नेहमी विचारतात

*टक्कल केलं की केस दाट येतात का?* नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो हाताला जाड लागतो. मुळांची संख्या वस्तऱ्याने वाढत नाही. मुलगी नको म्हणत असताना तिचं डोकं भादरणं तर मुळीच नको.

*तेलाने केस उगवतात का?* तेलाने केस मऊ राहतात, गुंता कमी होतो, तुटणं कमी होतं. आईने तेल लावून दिलं की मुलाला बरं वाटतं, हा फायदाही खराच. पण तेल आतल्या रक्तक्षयावर चालत नाही.

*बायोटिनच्या गोळ्या द्याव्यात का?* बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते. शिवाय जास्त बायोटिन घेतल्यास थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. चालू असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा.

*सगळे केस जातील का?* टेलोजन गळतीत पूर्ण टक्कल सहसा पडत नाही. फक्त केस परत लांब व्हायला वेळ लागतो. महिन्याला 1 सेंटिमीटर म्हणजे 36 सेंटिमीटरच्या वेणीला तीन वर्षं. गळती थांबली की नाही, हे वेणीच्या लांबीवरून ठरवू नका, कपाळाजवळच्या नव्या बारीक केसांवरून ठरवा.

आणि वर्गात?

केस परत येतात. पण केस नसतानाचे ते पाच-सहा महिने मुलाने कसे काढले, हे बरंचसं आपल्या हातात असतं. "टकल्या" हे नाव एकदा चिकटलं की केस आल्यावरही सुटत नाही. मुलगी मधल्या सुट्टीत वर्गातच बसते, फोटोला येत नाही, मग आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राहते. केसगळतीने अभ्यास बुडत नाही, चिडवण्याने बुडतो.

टोपी किंवा स्कार्फ घालू द्या, गणवेशाचा नियम त्या काळापुरता बाजूला ठेवता येतो. मुलाला बाजूला घेऊन विचारा, "वर्गाला मी काही सांगू का, की नको?" ते म्हणेल तसं करा. चाईबद्दल वर्गाला सांगायचं झालं तर दोन वाक्यं पुरतात. "ही लागत नाही. केस परत येतात." नायटा असेल तर कंगवा-टोपी वेगळी ठेवायला सगळ्याच मुलांना सांगा, एकाकडे बोट दाखवू नका. उपचार सुरू झाले की डॉक्टरांना विचारून मुलाला शाळेत येऊ द्या.

विज्ञानाच्या तासाला एक उपक्रम घेता येईल. मुलांना एक काल्पनिक नोंदवही द्या : "सीमाचे केस 10 डिसेंबरपासून जास्त गळू लागले." सोबत जूनपासूनच्या घटना द्या. नवा शाम्पू, सहल, सप्टेंबरच्या सुरुवातीचा टायफॉइड, घटक चाचणी, दिवाळीचा फराळ. मुलांनी कारण शोधायचं. बहुतेक मुलं आधी शाम्पूकडे बोट दाखवतात, कारण तो शेवटचा असतो. मग त्यांच्यासमोर 100 दिवसांचं गणित मांडा. आधी घडलं म्हणून तेच कारण, असं नसतं, आणि परिणाम कधी कधी फार उशिरा दिसतो, या दोन गोष्टी त्यातून मुलं शिकतील.

लेख उपयोगी वाटला तर आपल्या शाळेच्या पालक गटावर जरूर पाठवा. पुढच्या वेळी कुणी "केस फार गळतायत" म्हणालं, तर तेलाचं नाव सुचवण्याआधी एवढंच विचारा, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"